कोंबडा घरचा, सुरी कोणाची?

नवी मुंबईच्या गावठाणांत कोंबड्या अजून आहेत. घणसोली, दिवा, गोठिवली, करावे, सारसोळे अशा कुठल्याही गावाच्या आत शिरलं की चार मजली इमारतीच्या जिन्याखाली नाहीतर गच्चीवर पाण्याच्या टाकीच्या आडोशाला जाळीचं खुराडं दिसतं. १९७० साली सिडको आली. ठाणे, पनवेल आणि उरण तालुक्यांतल्या ९५ गावांची जमीन गेली, भातखाचरं गेली, मिठागरं गेली. कोंबडी राहिली, कारण तिला लागणारी जागा सातबारावर येत नाही. चार-पाच कोंबड्या, एक कोंबडा, क्वचित एखादं बदक; आणि गटारी, गौरी किंवा गावदेवीची जत्रा जवळ आली की दर घरात एकच चर्चा: हा घरी कापायचा, की नाक्यावरच्या चिकनवाल्याकडे द्यायचा?

ही चर्चा सहसा दोन अंगांनी होते. एक म्हणजे पैसे: पाच-सहा महिने दाणे घालून वाढवलेल्या कोंबड्यासाठी वर आणखी कापणावळ कशाला? दुसरं म्हणजे धीर: घरात सुरी चालवणारं आता उरलंय कोण? माझ्या मते या दोन्ही गोष्टी किरकोळ आहेत. मान कापायला एक मिनिट लागतं. त्यानंतरच्या साफसफाईला, सवय नसेल तर, तासभर जातो. ते मिनिट घरातल्या पुरुषाचं असतं आणि तो तास बायकांचा असतो. त्यामुळे ‘आपण घरीच करू’ हे वाक्य कोण म्हणतंय ते आधी बघावं.

कापणाऱ्याला मोबदला देऊन मोकळं होण्याची रीत आपल्याकडे जुनीच आहे. देशावरच्या गावगाड्यात मुलाणी होता. बोकड-कोंबडं हलाल करून देणं हे त्याचं काम, आणि त्याबद्दल त्याचा ठरलेला वाटा. त्रिं. ना. आत्रे यांनी १९१५ साली ‘गावगाडा’त ज्या बलुत्या-अलुत्यांची व्यवस्था मांडली, त्यातलाच हा एक हक्कदार. म्हणजे ‘स्वतः कापलं तरच खरं’ हा बाणा आपल्या परंपरेतून आलेला नाही. आगरी-कोळी घरांत मात्र कोंबडं बहुधा घरच्याच हातानं कापलं जाई, कारण घराला मागीलदार होतं, विहीर होती, चूल बाहेर मांडता येत होती आणि चार जावा एकत्र बसत होत्या.

घरची पद्धत नीट पाहिली तर तिच्यात बरंच शास्त्र आहे. आदल्या रात्रीपासून दाणा बंद, पाणी चालू. आठ ते बारा तासांत गळ्यातली पिशवी आणि आतडी रिकामी होतात, त्यामुळे आत हात घालताना घाण फुटण्याची भीती कमी होते. सकाळी कोंबडा पळवून पकडू नये. दमलेल्या, घाबरलेल्या पक्ष्याचं मांस बरं होत नाही. अंधारात, खुराड्यातच, दोन्ही पंख दाबून उचलावा. कापल्यावर दीड-दोन मिनिटं रक्त पूर्ण निथळू द्यावं लागतं. या वेळात पंखांची जी फडफड होते तिनंच नवखा माणूस हात सोडतो, आणि मग भिंतीवर, कपड्यांवर शिंतोडे. पाच लिटरच्या प्लास्टिकच्या कॅनचं बूड कापून त्याचं नरसाळं करावं, ते खिळ्याला उलटं टांगावं आणि कोंबडा डोकं खाली करून त्यात घालावा. हा उपाय अगदी साधा आहे आणि गावठाणात फारच कमी लोक करतात.

त्यानंतर पाणी. खरं कसब इथं आहे. पाणी ६० ते ६५ अंशांवर हवं. घरात थर्मामीटर नसतो, म्हणून जुन्या बायका बोट बुडवून बघतात. चटका बसला पाहिजे, पण पाण्याला उकळी फुटलेली नको. उकळत्या पाण्यात कोंबडा घातला की कातडी शिजते आणि पिसांबरोबर फाटून येते. कोमट पाण्यात घातला तर पिसं हलत नाहीत. पाय धरून मिनिटभर बुडवायचा, आत हलवायचा, शेपटीचं एक मोठं पीस ओढून बघायचं. अलगद आलं तर बाहेर काढायचा. आधी पंखांची आणि शेपटीची मोठी पिसं, कारण ती सगळ्यात लवकर घट्ट होतात, मग छाती आणि पाठ. उरतात ते बारीक खुंट आणि केस. ते जाळावर होरपळायचे. पूर्वी पेंढ्याच्या जाळावर, आता गॅसच्या शेगडीवर. तो वास जिना उतरून तळमजल्यापर्यंत जातो. मग हळद-मीठ चोळून धुवायचं, मागून चीर देऊन आत हात घालायचा आणि सगळं एका ओढीत बाहेर काढायचं. काळजाला चिकटलेली हिरवी पित्ताची पिशवी फुटली की आसपासचं मांस कडू. पेटा चिरून आतले खडे आणि पिवळी साल काढायची. कोंबडी अंड्यावरची असेल तर आत न घातलेल्या अंड्यांची पिवळी माळ निघते, लहान-मोठ्या गोट्यांची, आणि ती कोणाच्या ताटात जाणार यावरून पोरांची भांडणं लागतात.

हे सगळं हाताला सवय असलेली बाई अर्ध्या तासात करते. नवखी तासभर घेते आणि दुसऱ्या दिवशी तिची बोटं दुखतात. तीन कोंबडे असतील तर सकाळ गेली. त्यात पाणी तापवणं, मोरी धुणं, पिसं गोळा करणं आणि त्यानंतर मसाला वाटून वडे थापणं आहेच. गटारीच्या दिवशी घराघरांत पुरुष मंडळी अकराला निवांत झालेली असतात ती का, ते वेगळं सांगायला नको.

आता जागेचा मुद्दा. घरच्या कत्तलीची सगळी घडी अंगणावर बसलेली होती. रक्त मातीत मुरायचं, आतडी खड्ड्यात जायची, पिसं शेणखतात. गावठाणाचं अंगण गेलं, त्यावर इमारत उभी राहिली आणि काम गच्चीवर नाहीतर बाथरूममध्ये आलं. गच्चीचा पाइप पावसाळी गटारात उतरतो आणि गटार खाडीकडे. बाथरूमच्या जाळीत पिसं अडकली की प्लंबर बोलवावा लागतो, आणि त्याची मजुरी दहा कोंबड्यांच्या कापणावळीला पुरून उरते. ओल्या कचऱ्याच्या डब्यात आतडी टाकली आणि घंटागाडी दुसऱ्या दिवशी आली, तर ऑगस्टच्या दमटपणात अख्ख्या मजल्याला कळतं. फ्लॅटमध्ये कोंबडा कापू नये असं मी म्हणते ते एवढ्याचसाठी. त्यात हिंसा-अहिंसेचा संबंध नाही. खायचं ठरवल्यावर तो प्रश्न निकाली निघालेला असतो.

मग दुकान. नाक्यावरच्या चिकनवाल्याकडे बाहेरची कोंबडी साफ करून मिळते. दर दुकानागणिक वेगळा, ओळखीवर कमी-जास्त, गटारीला दुप्पट किंवा थेट नकार. त्याची पद्धत घरच्यापेक्षा वेगळी आहे आणि हा फरक फार जणांना घरी आल्यावर कळतो. तो मान कापून पक्षी निळ्या ड्रममध्ये टाकतो, ड्रममधली धडपड थांबली की बाहेर काढतो आणि पिसांसकट कातडी सोलून काढतो. ब्रॉयलरला हे चालतं. तो सहा आठवड्यांत दोन किलोचा होतो, कातडीखाली नुसती चरबी, आणि शहरातल्या गिऱ्हाइकाला स्किनलेसच हवं असतं. गावठी कोंबडीचं सोनं मात्र त्या कातडीत आहे. पाच-सहा महिन्यांत जेमतेम सव्वा-दीड किलो भरलेल्या कोंबड्याची कातडी ड्रममध्ये राहिली की रश्श्यावर तवंग येत नाही, आणि सासू विचारते, हा आपलाच का? ‘सोलू नका, पाण्यात घालून भाजून द्या’ असं आधी सांगावं लागतं. काही दुकानांत आता रबरी बोटांचं पिसं काढायचं मशीन असतं, तिथं काम झकास होतं. नसेल तर गर्दीच्या दिवशी दुकानदार हो म्हणतो आणि सोलतो.

दुकानात दिलं म्हणजे कचऱ्याचा प्रश्न सुटला, हाही एक गोड समज. चिकनच्या दुकानांचा टाकाऊ माल गोळा करणारे गाडीवाले असतात. तो सगळाच योग्य ठिकाणी जातो असं नाही. ज्या आफ्रिकन मांगूर माशाच्या पैदाशीवर आपल्या देशात २००० सालापासून बंदी आहे, त्याची चोरटी तळी भिवंडीपासून उजनीच्या काठापर्यंत सापडली आहेत, आणि त्या माशाचं खाद्य म्हणजे बहुधा कोंबड्यांची आतडीच. तरीही माझा कौल दुकानाकडेच झुकतो. शंभर घरांची घाण शंभर गटारांत जाण्यापेक्षा एका ठिकाणी गोळा झालेली बरी. निदान तिथं कोणाला तरी जाब विचारता येतो.

मोठ्या प्रक्रिया कारखान्यांचा पर्याय घरच्या कोंबडीला नाहीच. महाराष्ट्र हे कुक्कुटपालनाचं मोठं राज्य. पण स्वयंचलित साखळीवर तासाला हजारो पक्षी चालवणारा कारखाना तुमचे चार कोंबडे घेत नाही. देवनारचा कत्तलखाना खाडीपलीकडे आहे, पण तो शेळ्या-मेंढ्या, म्हशी-रेडे आणि डुकरांचा. कोंबड्यांशी त्याला देणंघेणं नाही. अमेरिकेतल्या मराठी कुटुंबांपुढे हाच प्रश्न थँक्सगिव्हिंगच्या टर्कीच्या रूपात येतो. तिथं गावोगावी छोटे प्रक्रियावाले असतात, शेतकरी महिनोन्महिने आधी तारीख घेऊन आपले पक्षी त्यांच्याकडे नेतात, आणि १९५७ च्या केंद्रीय कायद्यानं स्वतःच्या पक्ष्याची घरापुरती कत्तल सरकारी तपासणीतून मोकळी ठेवली आहे. आपल्याकडे अशी मधली पायरीच नाही. एका टोकाला गच्ची, दुसऱ्या टोकाला कारखाना, मध्ये फक्त नाक्यावरचा माणूस.

टर्कीचा विषय निघालाच आहे म्हणून सांगते. फार्महाऊसवर हौसेनं टर्की पाळणारी मंडळी आपल्याकडेही भेटतात. त्यांना एकच सल्ला: घरी हात घालू नका. वाढलेला नर दहा किलोंच्या पुढे जातो, त्याच्या पंखाचा फटका मनगटाला लागला तर हात आठवडाभर कामातून जातो. त्याला बुडवायला घरातलं कुठलंच पातेलं पुरत नाही, आणि कापल्यावर दिवसभर थंडीत ठेवल्याशिवाय मांस मऊ पडत नाही. नाक्यावरचा चिकनवालाही त्याला बिचकतो. टर्की पाळायच्या आधी ती कापणारा शोधून ठेवावा.

कायद्याचं म्हणाल तर तो या बाबतीत बराच आहे आणि घरातल्या कोणाला ठाऊक नाही. अन्नसुरक्षेचे २०११ चे नियम धंद्यापुरते आहेत. दिवसाला ५० पर्यंत कोंबड्या कापणाऱ्याला नोंदणी पुरते, त्यापुढे हजारापर्यंत राज्याचा परवाना, हजाराच्या वर केंद्राचा. घरच्या ताटापुरतं कापणं म्हणजे धंदा नव्हे. शेजारच्या दोन घरांना पैसे घेऊन साफ केलेली कोंबडी दिलीत, की मात्र तुम्ही धंद्यात आलात. प्राण्यांना क्रूर वागणूक प्रतिबंधाच्या १९६० च्या कायद्याखाली २००१ मध्ये कत्तलखान्यांचे नियम झाले. महापालिका हद्दीत मान्यताप्राप्त कत्तलखान्याबाहेर प्राण्याची कत्तल करू नये, असं ते सांगतात. मूळ कायद्यात माणूस सोडून प्रत्येक सजीव हा प्राणी आहे, म्हणजे अक्षरशः वाचलं तर गच्चीवरचा कोंबडाही त्यात बसतो. कोंबडी प्राणी आहे का, हा प्रश्न २०२३ मध्ये गुजरात उच्च न्यायालयापुढे खरोखरच आला होता, दुकानांत जिवंत कोंबड्या कापण्याच्या प्रकरणात. त्याच १९६० च्या कायद्याचं कलम २८ धर्मानं सांगितलेल्या रीतीनं केलेली हत्या गुन्हा ठरवत नाही. शिवाय २००१ च्या नियमांत एक अट आहे, की एका प्राण्याची कत्तल दुसऱ्याच्या नजरेसमोर करू नये. नाक्यावरच्या दुकानात पिंजरा आणि ठोकळा यांत चार फुटांचं अंतर असतं.

नवी मुंबईत या सगळ्यावर आणखी एक नियम येऊन बसला आहे आणि त्याची चर्चा फारशी होत नाही. विमानतळ. उद्घाटन ८ ऑक्टोबर २०२५ ला झालं, २५ डिसेंबरपासून विमानं उडू लागली. १९३७ च्या विमान नियमांतला ९१ वा नियम म्हणतो, की विमानतळाच्या संदर्भबिंदूपासून दहा किलोमीटरच्या आत प्राणी कापू नये, सोलू नये आणि पक्ष्यांना ओढून आणणारी घाण टाकू नये. कारण उघड आहे; घारी आतड्यांवर येतात आणि इंजिनात जातात. दहा किलोमीटरचं वर्तुळ काढलं तर उलवे, पनवेल, कामोठे, खारघर, बेलापूर ही सगळी आत येतात. बंगळुरूत ‘एरो इंडिया’ भरतं तेव्हा येलहंका तळाच्या भोवतालची मांसाची दुकानं काही दिवस बंद ठेवायला लावतात, ती याच भीतीपोटी. आपल्याकडे चिकनची दुकानं त्या वर्तुळात राजरोस चालू आहेत आणि कोणी गच्चीवर येऊन तपासणार नाही. पण उलव्याच्या गच्चीवरून आतडी खाली मोकळ्या प्लॉटमध्ये भिरकावणाऱ्यानं एकदा वर बघावं. तिथं घारी आधीपासून घिरट्या घालत असतात.

रोगाचा मुद्दा मात्र हसण्यावारी नेण्यासारखा नाही. बर्ड फ्लू देशात पहिल्यांदा सापडला तो महाराष्ट्रात, फेब्रुवारी २००६ मध्ये, नंदुरबारच्या नवापूरला. तो लांबचा वाटायचा. जानेवारी २०२५ मध्ये तो उरणच्या चिरनेरला निघाला. १९३० च्या जंगल सत्याग्रहाचं चिरनेर ते हेच. एक किलोमीटरच्या परिघातल्या कोंबड्या मारून पुरल्या गेल्या आणि त्यात घराघरांतल्या परसातल्या कोंबड्याही होत्या. घरी कोंबड्या पाळणाऱ्यांची एक जुनी खोड आहे. खुराड्यात मर लागली, की ‘मानमोडी आलीय, उरलेल्या कापून घेऊ’ असं म्हणत झटपट सुरी काढायची. मानमोडी आहे की बर्ड फ्लू, हे डोळ्यांनी कळत नाही. तुरा निळा-जांभळा पडलेला, डोकं सुजलेलं, संध्याकाळी दाणे टिपणारी कोंबडी सकाळी आडवी, असं दिसलं तर सुरीला हात लावायचा नाही. पशुवैद्यकीय दवाखान्यात कळवायचं. नीट शिजलेल्या कोंबडीतून हा विषाणू पसरत नाही, ७० अंशांवर तो मरतो. धोका शिजवण्याच्या आधीच्या तासात आहे. आशियातले माणसांना झालेले संसर्ग पाहिले तर आजारी पक्षी कापणं आणि त्याची पिसं काढणं हे त्यातलं एक मुख्य कारण. म्हणजे इथंही जोखीम सुरी धरणाऱ्यापेक्षा पिसं काढणारीच्या वाट्याला जास्त. तसाच आजारी पक्षी दुकानात नेला तर पिंजऱ्यातल्या पन्नास कोंबड्यांमध्ये रोग सोडून येतो.

देवाच्या मानाचं काय? गावदेवीचा किंवा कुलदैवताचा कोंबडा बऱ्याच घरांत दुकानात देत नाहीत, तो घरच्याच हातानं किंवा भगताच्या हातून व्हावा लागतो. गौरीच्या तिखट्या सणाला मात्र कोंबडी कुठून कापून आली हे कोकणातली बरीच घरं आता विचारत नाहीत. हलाल आणि झटका हा वाद मार्च २०२५ मध्ये झटका मटणाच्या ‘मल्हार’ प्रमाणपत्राच्या घोषणेनं राजकारणात गाजला. गावठाणातल्या गिऱ्हाइकाला त्याआधीही आपला चिकनवाला ठाऊक होता आणि नंतरही तोच आहे. ज्याला रीत महत्त्वाची वाटते त्यानं घरीच कापावं, त्याला पर्याय नाही. फक्त पुढची साफसफाईही त्यानंच करावी. निम्म्या घरांतला घोळ तेवढ्यानं मिटेल.

मधला एक मार्ग मी दोन-तीन घरांत पाहिला आहे आणि मला तो सगळ्यात शहाणपणाचा वाटतो. गावात एखादा हातखंडा माणूस असतो, बहुधा साठीच्या पुढचा. त्याला सकाळी बोलवायचं. तळमजल्यावर मोरी असलेल्या एकाच घरी चार घरांचे कोंबडे आणायचे, पाण्याचं पातेलं एकदाच चढवायचं, कचरा एका गोणीत भरून घंटागाडीच्या वेळेला हातात द्यायचा. त्या माणसाला पैसे, कोंबडीची एक तंगडी आणि सणाची बाटली. पोरांनी नाव ठेवलेला कोंबडा असेल तर तोही इथं सोयीस्कर पडतो; आपला शेजाऱ्याच्या घरी जातो, त्याचा आपल्याकडे येतो, आणि ताटात कोण आहे यावर जेवताना कोणी बोलत नाही.

ज्यांच्याकडे असा माणूस नाही, मागीलदार नाही आणि घरात पिसं काढायला खुशीनं बसणारं कोणी नाही, त्यांनी एका कोंबड्यासाठीही दुकानच गाठावं. जायचं ते आठवड्याच्या मधल्या दिवशी, दुपारी; रविवारी सकाळी आणि गटारीच्या आदल्या दिवशी बाहेरच्या पक्ष्याकडे कोणी नीट बघत नाही. कोंबडा पाय बांधून उलटा लोंबकळत नेऊ नये, भोकं पाडलेल्या खोक्यात न्यावा. पायाला रंगीत सुतळी बांधावी, म्हणजे ड्रममधून बाहेर येतो तो आपलाच. पाणी कसं तापलंय ते बघावं, पाय आणि पेटा मागून घ्यावेत, कारण दुकानदार ते न विचारता बाजूला टाकतो. तुकडे करायला सांगू नये. गावठीची हाडं चॉपरखाली चुरतात आणि रश्श्यात कच लागते. सांध्यांवर घरी कापलेली बरी. डबा घरून न्यावा, आणि उन्हाचे दिवस असतील तर त्यात बर्फ.